शेवटचा रकाना

९ जुलै १९७९
कं.चं तिसरं पत्र. (कंपनी हा शब्द इतक्यांदा लिहावा लागतोय की आता नुसतं कं.) डिझेल इंजिनं, पंप, नांगर बनवणाऱ्या या लोकांना जिल्ह्यातल्या सगळ्या लहान एजन्सी गुंडाळून स्वतःचं एकच मोठं दालन काढायचंय. माझ्या वडिलांनी, आबांनी, उभं केलेलं आमचं शाहूपुरीतलं दुकान त्यात 'विलीन' करायचं. पाटी उतरायची, मी दालनात विक्री अधिकारी. दसरा झाला की सही.
तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा बरं वाटलं, तिसऱ्यांदा काहीच कळेना.
सुमनला दाखवलं. म्हणाली, "चांगलंच आहे की. रोजची मरमर तरी संपेल. पण चाचांचं काय?"
पत्रात चाचांचं नाव नाही. असेल पुढच्या पत्रात.

१३ जुलै
सुटे भाग यायचे बंद झालेत. नोझल मागवून दोन महिने झाले, उत्तर नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. दस्तगीरचाचा जुनीच नोझल साफ करून बसवतायत. दुकान निघालं त्या वर्षीपासून ते इथले मिस्त्री. मी तेव्हा चड्डीत. गिऱ्हाईक समोर असलं की मला 'मालक' म्हणतात, दोघंच असलो की 'बाळू'. आज दोघंच होतो.
"बाळू, कंपनी झोपली का काय रं?"
म्हटलं, पावसामुळं माल अडकला असेल. का म्हणालो असं? खरं सांगायला काय झालं होतं मला?

२४ जुलै
पंचगंगा चढली. सकाळी सहाला चाचा सायकलवर हजर. दोरखंड, पहारी, टेंपो. दरवर्षीचंच काम. नदीकाठी बसवलेली आपली इंजिनं पाणी यायच्या आत वर ओढायची. कुणी बोलवायची वाट बघायची नाही, आबांचा नियम.
नेमके आजच कं.चे फील्ड ऑफिसर गोडबोले पुण्याहून आलेले. चिखलीच्या काठावर छत्री धरून उभे. चांगला माणूस आहे, वाईट बोलत नाही. म्हणाले, "हे तुम्ही का करता? विक्रीनंतरच्या सेवेच्या कोणत्या कलमात बसतं हे?" कमरेइतक्या पाण्यातून चाचा ओरडले, "सायेब, पाण्याला कलम म्हाईत न्हाई. छत्री मिटा अन् दोरीला हात लावा की!"
गोडबोलेंनी लावला हात. बूट गेले कामातून. एकूण नऊ इंजिनं वर आली.
जाताना मला बाजूला घेतलं. चाचांना दालनात घेता येणार नाही. आयटीआयचा दाखला लागतो, वयही बसत नाही. "तुम्ही योग्य वेळी सांगालच त्यांना."
योग्य वेळ म्हणजे कधी असते?

२ ऑगस्ट
कं.ला गिऱ्हाइकांची यादी हवी, तातडीनं. आबांच्या वहीवरून दिवसभर उतरून काढली. हात दुखून आला. रजिस्टर टपालानं पाठवली.
चाचांचे रोजे चालू आहेत. पाण्याचा घोट नाही आणि दिवसभर घणाचं काम. त्यांच्यासमोर चहा प्यायची लाज वाटते. खरी लाज दुसरीच आहे, ती चहावर ढकलतोय.

१७ ऑगस्ट
आज दुकानात जत्रा. वडणग्याचे तीन भाऊ एकाच वेळी आले, हातात पाकीट. वर छापील अक्षरात 'श्री. चिंचेची विहीर, मु. पो. वडणगे.' आत आमंत्रण. 'आपण आमचे सन्माननीय ग्राहक आहात. नव्या दालनास सहकुटुंब भेट द्यावी.'
थोरला म्हणाला, "पावणं, आमच्या हिरीला सहकुटुंब बोलिवलंय. कशी आणू? टेंपो धाडताय?"
धाकटा हसून हसून पायरीवरच बसला.
चूक माझी. आबांच्या वहीत गिऱ्हाइकाचं नाव कधीच नसायचं, विहिरीचं असायचं. विहीर एक, भाऊ तीन, इंजिन एक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एकाचं नाव लिहिलं की दुसरा कोर्टात जायचा. म्हणून चिंचेची विहीर, जांभळीची विहीर, सासूची विहीर. आम्हाला त्याची इतकी सवय की मी नावाच्या रकान्यात तेच भरून मोकळा. पुढचं 'श्री.' कं.च्या कारकुनानं लावलं.
संध्याकाळपर्यंत अकरा विहिरी येऊन गेल्या. शाहूवाडीकडचे एक म्हातारबाबा तर पत्र हळदकुंकू लावून घेऊन आले, सरकारी वाटलं त्यांना.
एकही पत्र परत गेलं नाही. पोस्टमनला सगळ्या विहिरी ठाऊक.

२१ ऑगस्ट
गोडबोलेंचा ट्रंककॉल. वाटलं, आता बोलणी खाणार. उलट खूश! एकही पाकीट परत आलं नाही, दालनाच्या पत्राला एवढा प्रतिसाद कुठल्याच जिल्ह्यात नाही म्हणे. आता त्यांना सगळंच हवंय. कुठल्या विहिरीवर कुठलं इंजिन, कधी बसवलं, त्याची खोड काय. छापील फॉर्म पाठवतायत.
"हे कुणाला माहीत आहे?"
"चाचांना. तोंडपाठ."
"मग त्यांच्याकडून लिहून घ्या. सहीच्या आधी."
फोन ठेवल्यावर लक्षात आलं मी काय कबूल केलं ते. माणूस नको, त्याचं डोकं तेवढं कागदावर उतरवून द्या. आणि मी 'हो' म्हणालो. 'हो, साहेब.'

२९ ऑगस्ट
ईद आणि गणपती एकाच आठवड्यात. चाचींनी डबाभर शिरखुर्मा पाठवला, सुमननं त्यांच्याकडे मोदक. दरवर्षीसारखंच. मला शिरखुर्मा गोड लागेना. सुमन बघत होती.
"सांगितलंत का चाचांना?"
"सणासुदीत नको."
"सण संपला की पितरं, मग नवरात्र. तुमच्यासाठी पंचांगात दिवसच नाही."

३ सप्टें.
जयसिंगपूरला गेलो. तिथल्या पाटलांची एजन्सी मागच्या वर्षीच विलीन झाली, म्हटलं त्यांनाच विचारावं. सांगलीच्या दालनात असतात, आज घरी होते. इस्त्रीचा शर्ट, हात स्वच्छ. पूर्वी नखात कायम काळं असायचं. "निवांत हाय," म्हणाले. दोनदा म्हणाले. त्यांची बायको म्हणाली, आता वेळेवर जेवायला येतात, अंगाला ग्रीसचा वास येत नाही.
मला पटलं. आपणही सही करून टाकावी.
एस्टीपर्यंत सोडायला आले. गाडी सुटता सुटता खिडकीशी तोंड आणून म्हणाले, "तुमच्या दस्तगीरला एका रविवारी धाडा की. मेव्हण्याचं इंजिन धूर टाकतंय. आमच्या दालनातल्या पोरांस्नी कळंना झालंय. कुणाला सांगू नका मात्र."
येताना पटलेलं सगळं हातकणंगल्यापर्यंत उतरलं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

१० सप्टें.
फॉर्म आले. जाड कागद, एका पानावर दहा ओळी. रकाने सहा: मालक, गाव, इंजिन नंबर, बसवल्याचं साल, खोड. शेवटचा: 'यापुढे दुरुस्ती कोण करणार.' तो रिकामा ठेवायचा, दालनात भरतील, असं चिठ्ठीत लिहिलंय.
दुपारपासून बसलो. चाचा सांगणार, मी लिहिणार. त्यांना मराठी लिहितावाचता येत नाही, म्हणून रकाने वाचून दाखवले, शेवटचाही; तो मागाहून भरू म्हटलं. मी म्हटलं, कं.ला माहिती हवीय. खोटं नाही ते. खरंही नाही.
सांगताना डोळे मिटतात. "जांभळीची हीर. थंडीत एकदम सुरू हुत न्हाई. हवेच्या तोंडात चमचाभर तेल सोडायचं, मग हँडल. अन् हँडल मधला भाऊ मारतो, त्याला दरखेपी सांगायचं, अंगठा गुंडाळू नको. उलटं फिरलं तर मोडंल. एकदा मोडलाय."
"हे पण लिहू?"
"लिव की. इंजिनाची खोड अन् माणसाची खोड एकच असती बाळू."
खोडीचा रकाना पुरेना. समासात लिहिलं.

१५ सप्टें.
रोज दोन तास. आज सासूच्या विहिरीपाशी अडलो. नोझल दर साली जातं. का? डिझेल गंजक्या डब्यात ठेवतात. डबा का बदलत नाहीत? म्हातारीच्या माहेरचा आहे. "नवा डबा दे म्हनायचं न्हाई. फडकं बांधून गाळायला शिकवायचं. म्या शिकिवलंय, पर सुना बदलल्या की परत शिकवाय लागतंय."
मी लिहितोय आणि मनात, हे दालनात कोण वाचणार? कोण जाऊन सुनांना शिकवणार?
मग असंही वाटतं, मी नाही सही केली तर सुटे भाग मिळणार नाहीत, दुकान वर्षभरात आपोआप बंद. तेव्हाही चाचा घरीच. मग निदान मी तरी... हे वाक्य पुरं करवत नाही.

१९ सप्टें.
चाचांनी विचारलं, "दालनात माझा पाट कुठं मांडायचा?" पाट म्हणजे त्यांचा बसायचा. तीस वर्षांचा, मधोमध झिजलेला. हसत विचारलं, की मला तसं वाटलं? म्हटलं, "बघू की, जागा मोठी आहे."
घरी येऊन सुमनवर उगाच डाफरलो. जेवणात मीठ बरोबर होतं.

२४ सप्टें.
सुमन म्हणते, गोडबोलेंना सरळ सांगा, चाचांसकट घ्या नाहीतर फॉर्म मिळणार नाहीत. सकाळी ट्रंककॉल लावला. लागला. गोडबोले म्हणाले, "अरे वा, फॉर्म झाले का?" मी म्हटलं, झालेच म्हणायचे. हवापाण्याचं बोललो आणि ठेवला. पुळचट! दुसरा शब्द नाही.
सुमनला सांगितलं, लाइन खराब होती.

२७ सप्टें.
शेवटची विहीर झाली. एकशे बारा. चाचा उठले, कंबर धरली, म्हणाले, "सपलं माझं डोस्कं. आता झोप लागंल." मी फॉर्मांचा गठ्ठा सुतळीनं बांधला. गोडबोले दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायचेत, सही आणि गठ्ठा दोन्हीसाठी.

खंडेनवमी
सकाळी दुकान धुतलं. औजारांची मांडामांड दरवर्षी चाचाच करतात, आबांपासूनची पद्धत. नटबोल्टचे पाने लहानापासून मोठे, हातोडे, नोझलचं यंत्र, शेवटी हँडल. हळदकुंकू सुमन लावते. एकदा पूजा झाली की उद्या दसऱ्याला उचलेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. माझं पेनही त्यातच असतं, ते माझं औजार.
चाचा म्हणाले, "फारम बी ठेवू की. तीन आटवडे राबलोय." गठ्ठा सोडला. पानं पाटावर एकेक मांडायला लागले. मध्येच थांबले. एक पान उचललं, उजेडाला धरलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं, तिसरं. बोट उजव्या कडेनं वरून खाली फिरवत गेले.
दुकानात आम्ही दोघंच होतो. सुमन मागं आरतीचं ताट करत होती.
म्हणाले, "मला वाचता येत न्हाई, मालक. पर रिकामं दिसतंय की."
मालक म्हणाले. दोघंच असताना.
मला काहीतरी बोलायचं होतं. दालन, दाखला, वय, नाइलाज, सगळं तोंडाशी आलं. त्यांनी वाट बघितली. चांगली बघितली. मग पानं सारखी केली, गठ्ठ्यावर हँडल ठेवलं वारा लागू नये म्हणून, आणि सुमनला हाक मारली, "भाबी, कुंकू आणा, मांडलंय."
प्रसाद घेतला. रोजच्यासारखी सायकल पुसली. उद्या येताय ना, विचारलं. "येतो की. दसऱ्याला हत्यार उचलाय लागतंय." पहिलं औजार उचलायचा मान त्यांचाच आहे.
इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. आबा असते तर कानाखाली दिली असती, आणि बरं झालं असतं.
तेव्हापासून दुकानातच बसून आहे, पूजेसमोर. त्या रकान्यात एकच नाव लिहायचंय, एकशे बारा वेळा. लिहिलं तर कं. फॉर्म घेणार नाही, कदाचित मलाही घेणार नाही. नाही लिहिलं तर उद्या चाचा हँडल उचलतील आणि खाली तसाच रिकामा रकाना.
गोडबोले परवा येतील. माझं पेन पूजेत आहे, फॉर्म पूजेत आहेत. हे पेन्सिलीनं लिहितोय. खरं तर पेन्सिलही पूजेत ठेवायला हवी होती.