बाबांची सेटिंग

प्रिय बडबडे,

फोनवर सांगायला गेले असते तर रडूच फुटलं असतं, म्हणून लिहितेय.

मंगळवारी आपला कॉम्प्युटर बसला. कितीदा चालू केला तरी ढिम्म. दुरुस्तीवाल्या बाई आल्या, म्हणाल्या, "घाबरू नका, सेटिंगचे बॅकअप कुणीतरी नीट घेऊन ठेवलेत. शेवटचा रिस्टोर करते." मी म्हटलं, करा. तर काळ्याकुट्ट पडद्यावर तळहाताएवढी पिवळी अक्षरं उमटली आणि आतून एक आवाज एकेक शब्द मोठ्याने वाचायला लागला. मला वाटलं, आणखीच बिघडला. बाई हळूच म्हणाल्या, "बिघाड नाही हा. घरात कुणाला कमी दिसतं का?"

अगं, दोन वर्षांत अकरा बॅकअप! प्रत्येकात अक्षर आधीपेक्षा मोठं. बारावा 'तिची' या नावाचा, म्हणजे माझा. मी बसायच्या आधी तुझे बाबा तो लावून ठेवायचे आणि मी उठले की पुन्हा स्वतःचा. आणि त्याच वेळी ते दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. शाळा सुटायची वेळ. चाळीस मुलं त्यांच्या बसची वाट बघत असणार.

मी बसच्या चाव्या मुठीत धरल्या आणि विचारलं, किती दिसतं? आधी हसण्यावारी नेलं. "रस्ता पाठ आहे गं मला." मी म्हटलं, "रस्ता पाठ असेल. मध्ये धावत येणारं पोर पाठ आहे का?" त्यावर स्वतःच शाळेत फोन लावून म्हणाले, दुसरा ड्रायव्हर पाठवा, आज आणि यापुढेही. बत्तीस वर्षांत एक खाडा नाही त्या माणसाचा. नंतर भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. रागावू की जवळ घेऊ, कळेना. एका छपराखाली राहून मला पत्ता नाही!

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने टिकवायची. मग त्यांनी विचारलं, मुलं किती? हे रक्तातून येतं म्हणे, आणि सुरुवातीला ज्याचं त्यालाही कळत नाही. त्यासाठीच हे पत्र. बाबा म्हणतात, तिला सांगू नकोस, उगाच घाबरेल. आजवर त्यांचं खूप ऐकलं, हे नाही ऐकणार. घाबर पोरी, आणि उद्याच्या उद्या डोळे तपासून घे.

तुझीच,
आई