दोन मांजरे आणि तीनशे सत्त्याऐंशी डबे

मी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, व्यवसाय चष्मे बनवून देणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी माझे कान भरलेले नाहीत की हात धरून काही लिहवून घेतलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या घरातल्या डब्यांच्या चळती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना शंका येणे साहजिक आहे. माणसांचा उल्लेख मी रोज करते तसाच केला आहे. कायद्याला लागणारी पूर्ण नावे वकीलबाईंनी टाइप केलेल्या जोडपत्रात आहेत.

कलम १. याआधी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यातले सातवे कलम तर आवर्जून रद्द करते. खालच्या मजल्यावरच्या मोजणीदारांना माझ्या अंत्ययात्रेत पाऊल टाकू देऊ नये, असे त्यात लिहिले होते. आता त्यांनी जरूर यावे.

कलम २. दुकानातले काचा घासण्याचे यंत्र, नंबर तपासायच्या काचांची पेटी, आणि नाकावर नीट बसत नाहीत म्हणून पडून राहिलेल्या एकशे चार फ्रेमा वळणावरच्या चष्मेवाल्याला द्याव्यात. "बाईंकडचा चष्मा घातला की जिना दोन पायऱ्यांनी वाढतो," असे तो गिऱ्हाइकांना वीस वर्षे सांगत आला. हे मी विसरलेली नाही. पण हाताला तो पक्का आहे, आणि चांगले यंत्र गंजत ठेवण्याइतकी मी कोत्या मनाची नाही. माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा, बारका स्क्रूड्रायव्हर मात्र त्याला मिळणार नाही. तो माझ्या भाचीने ठेवावा.

कलम ३. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माळा, भाचीला, म्हणजे माझ्या भावाच्या मुलीला. बँकेतली ठेवही तिलाच. त्यातला चौथा हिस्सा मांजरांच्या औषधपाण्यासाठी वेगळा ठेवावा, आणि मांजरे असेपर्यंत त्याला हात लावू नये. एक अट आहे: मांजरे जिवंत असेपर्यंत हे घर विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि त्यातल्या खिडकीखालच्या कपाटाला नवा रंग देऊ नये. रंगाच्या वासाने आमचा बोका, दिवाणजी, जेवत नाही.

कलम ४. आता मुख्य मिळकत.

आजच्या मोजणीप्रमाणे घरात मांजरांच्या खाण्याचे तीनशे सत्त्याऐंशी डबे, छप्पन्न पाकिटे आणि कोरड्या खाण्याच्या नऊ पिशव्या आहेत. मांजरे दोन आहेत. हे कसे झाले ते सांगणे भाग आहे, नाहीतर माझ्या पश्चात लोक सांगतील, आणि लोक भलतेच सांगतील.

मांजरे माझी नव्हेत, ताईची. आम्ही दोघी बहिणींनी एकतीस वर्षे एकत्र दुकान चालवले, एका घरात राहिलो. ताई गिऱ्हाइकांशी बोलायची, मी काचा घासायची. रस्त्यावरची मांजरे तीच उचलून आणायची आणि मी तोंड वाकडे करायची. नावेही तिचीच. हडकुळी म्हणून काडी. एक डोळा पिवळा, एक हिरवा म्हणून बायफोकल. आणि कामाचा न काजाचा, पण सगळीकडे हजर म्हणून दिवाणजी.

सहा वर्षांपूर्वी ताई गेली. शेवटच्या दिवशी तिने माझ्यासाठी काही निरोप ठेवला नाही. "त्यांना उपाशी ठेवू नकोस," एवढेच म्हणाली. मला राग आला होता. आजही थोडा आहे.

ती गेली त्या दिवसापासून काडीने अन्न टाकले. तिच्या पलंगाखाली जाऊन बसली ती बाहेरच येईना. मी म्हटले, भूक लागली की येईल झक मारत. तिसऱ्या दिवशी पशुवैद्यांकडे नेली तर ते माझ्यावरच उखडले. "अहो, मांजर म्हणजे माणूस नव्हे उपास करायला! दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृत खराब होतं त्यांचं." तपासणीत कळले की काडीची मूत्रपिंडेही निम्मी गेलेली आहेत. पुढच्या वर्षी दिवाणजीला मधुमेह निघाला. त्यानंतर बायफोकलचे सगळे दात काढावे लागले. एकीला कमी मिठाचे, दुसऱ्याला साखर न वाढवणारे आणि तिसरीला मऊ लापशीसारखे: एका घरात तीन पथ्ये, आणि तिघांचे नखरे वरून.

ज्यांनी आजारी मांजर पाळले नाही त्यांना हे नखरे सांगून पटायचे नाहीत. सोमवारी काडी एखादा डबा चाटूनपुसून साफ करायची. मी हरखून त्याचे अख्खे खोके मागवायची. खोके गुरुवारी यायचे. तोवर बाईसाहेबांचे मन फिरलेले असायचे. ती वाटी हुंगायची, माझ्याकडे बघायची, आणि मागच्या पायाने माती लोटल्यासारखे करून निघून जायची. मग दुसरे खोके. पण पहिले टाकवत नसे, कारण तीन महिन्यांनी तिला तेच हवे असायचे, आणि तेव्हा ते नसले तर? त्या "नसले तर"पायी आधी माळा भरला, मग ताईचा पलंग, मग कपडे काढून कपाट.

भाची एकदा सुट्टीत आली आणि दारातच थबकली. "आत्या, हे घर आहे की गोदाम?" मी बाजारात गेले असताना तिने चाळीस डबे उचलून गल्लीतल्या मांजरांना वाटून टाकले. मला मदतच करायची होती तिला. त्याच आठवड्यात काडी बरोबर त्याच डब्यासाठी अडून बसली. मी भाचीशी पाच आठवडे बोलले नाही. ही माझी चूक होती, आणि ती मी इथे लेखी कबूल करते.

घरात मावेना तेव्हा मी खोकी बाहेर जिन्यात ठेवू लागले. इथून मोजणीदारांशी वैर सुरू झाले. या गृहस्थांनी सगळी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर मोजायला आमचा जिना तेवढा उरला. एके सकाळी टेप घेऊन वर आले. "बाई, तुमचं अतिक्रमण चौदा इंच आहे." खडूने पायरीवर रेघ मारली. मी फडक्याने पुसली. त्यांनी परत मारली. इमारतीच्या बैठकीत त्यांनी नकाशा सादर केला, प्रमाणासह. तीन वर्षे आम्ही एकमेकांना पाहिले की जिन्याच्या भिंतीकडे बघत असू.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही. पण त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

गेल्या सप्टेंबरात एका सकाळी मी जिन्यातली खोकी आत घेत होते. दार उघडे होते. एक खोके माळ्यावर सरकवायला स्टुलावर चढले, आणि स्टूल सरकले. खुब्याचे हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. खोके माझ्याबरोबर खाली आले आणि फुटले. डबे दारातून बाहेर गेले आणि एकेक पायरी उतरत खाली गडगडत सुटले.

दोन मिनिटांत मोजणीदार वर आले. दोन्ही हातांत एकेक डबा, चेहरा लाल. "बाई, आता मात्र हद्द झा..." आणि मला फरशीवर पाहून तिथेच थांबले.

"आधी दार लावा," मी म्हटले. "मांजरं बाहेर जातील."

त्यांनी दार लावले. मग रुग्णवाहिका बोलावली. स्ट्रेचरवरून मी त्यांच्या हातात किल्ली दिली, कारण दुसरे कोणी नव्हतेच. भाची शहराबाहेर होती. "दिवाणजीला सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन द्यायचं. फ्रिजच्या दारात आहे."

"मला सुई बघवत नाही," ते म्हणाले.

"मग डोळे मिटून द्या."

ते पशुवैद्यांकडे जाऊन शिकून आले. पहिल्या दिवशी म्हणे, घामाघूम झाले आणि दिवाणजी मात्र मजेत जेवत राहिला.

मी एकोणीस दिवस रुग्णालयात होते. ते रोज भेटीच्या वेळेत यायचे, खुर्ची पलंगापासून हातभर अंतरावर ठेवायचे आणि वही उघडून वाचायचे. "दिवाणजी, दोन्ही वेळा पूर्ण. बायफोकल, पाऊण वाटी. काडी, नाही." दुसऱ्या दिवशी, "काडी, नाही." मी रडायला लागले. हाडासाठी रडले नव्हते. पशुवैद्य त्यांना म्हणाले होते, आता पथ्य बाजूला ठेवा, ती जे खाईल ते द्या, पण खायला लावा.

तिसऱ्या दिवशी ते उशिरा आले. शर्टावर डाग, अंगाला माशांचा वास. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी पदर नाकाला लावला. त्यांनी वही उघडली आणि नेहमीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "डबा पहिला, हुंगला नाही. दुसरा, हुंगला. तिसरा, पाठ फिरवली." ते वाचत राहिले. माळ्यावरचे, पलंगावरचे, कपाटातले, प्रत्येक तऱ्हेचा एकेक डबा त्यांनी उघडला होता, बशीत काढून थोडा कोमट करून पलंगाखाली सरकवला होता आणि स्वतः फरशीवर आडवे होऊन वाट पाहिली होती. पंचाहत्तर वर्षांचा माणूस. "एकतिसावा, पाय घातला. बत्तिसावा."

त्यांनी पान उलटले.

"बत्तिसावा काय?" मी विचारले.

"खाल्ला," ते म्हणाले, आणि वही मिटली.

नंतर आपणहूनच सांगू लागले. त्यांच्या पत्नीच्या आजारात डॉक्टरांनी पथ्याची यादी दिली होती. ती त्यांनी काट्यावर तोलून पाळली. शेवटच्या आठवड्यात ती म्हणायची, सूपमध्ये चिमूटभर मीठ घाला हो. यादीत मीठ नव्हते. "मी नाही घातलं. तिने वाटी बाजूला सारली. परत मागितलं नाही." मग म्हणाले, "तुमच्या घरात मी एकामागून एक डबे उघडत होतो ना, तेव्हा वाटलं, बरं झालं या बाईने इतके भरून ठेवलेत. नाही म्हणाली की दुसरा आहे."

इतक्या वर्षांत माझ्या डब्यांना "बरं झालं" म्हणणारे ते पहिलेच.

काडी त्यानंतर चार महिने जगली. जानेवारीत गेली. पोट भरलेले होते.

कलम ६. माझ्या पश्चात दिवाणजी आणि बायफोकल यांचा ताबा मोजणीदारांकडे राहील. त्यांनी मांजरांना खाली न्यावे किंवा वर येऊन सांभाळावे, त्यांची इच्छा. घराची एक किल्ली कायम त्यांच्याकडे असावी. वरचा सगळा साठा त्यांचा. कोणाला काय, किती आणि कोमट की थंड, हे त्यांच्या वहीत माझ्यापेक्षा चांगले लिहिलेले आहे.

मी हे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मी तुमच्याहून सात वर्षांनी मोठा. आकडे उलटे येतात, बाई."

"येऊ देत," मी म्हटले.

तरीही ते माझ्या आधी गेले किंवा त्यांच्याने होईनासे झाले, तर मांजरे भाचीने सांभाळावीत. मी तिला विचारले आहे. फोनवर ती म्हणाली, "आत्या, थांब, पेन घेते. कोणता डबा कोणाचा, सगळं सांग." दीड तास सांगितले. तिने मध्ये एकदाही गोदाम म्हटले नाही.

कलम ७. दोन्ही मांजरांनंतर जे डबे उरतील ते तारीख पाहून पशुवैद्यांच्या दवाखान्यात आलेल्या लोकांना वाटावेत. तिथे रोज कोणीतरी असते, ज्याचे मांजर दोन दिवस जेवलेले नसते. एकाच तऱ्हेचे देऊ नयेत. प्रत्येक तऱ्हेचा एकेक द्यावा.

कलम ८. ताईच्या फोटोशेजारी माझा फोटो लावू नये. तिच्या उजवीकडे काडीचा लावावा. मला खिडकीजवळची भिंत चालेल.

कलम ९. आज सह्या करायला सगळे माझ्या स्वयंपाकघरात जमले तेव्हा जे घडले ते वकीलबाईंच्या परवानगीने इथे जोडते. साक्षीदार म्हणून पहिली सही करायला मोजणीदार इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचे शाईचे पेन घेऊन आले होते. वकीलबाईंनी त्यांना अडवले. "काका, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. तुम्हाला सही करायची असेल तर तुमचं कलम रद्द धरावं लागेल. काय ते ठरवा."

नियमाचे माणूस. मला वाटले, आता जोडपत्र मागतील, कायदा वाचतील, दोन दिवसांची मुदत घेतील.

त्यांनी पेनाला टोपण लावले, पेन खिशात ठेवले आणि म्हणाले, "सही दुसऱ्या कोणाची तरी घ्या. मला मांजरं द्या."

वरील सर्व मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवला, साक्षीदारांनी ऐकला आणि त्यांच्यादेखत मी सही केली.

(सही) चष्मेवाली

साक्षीदार पहिले: (सही) पशुवैद्य
साक्षीदार दुसरे: (सही) सहा वर्षे खोकी दोन मजले वर आणून देणारे कुरिअरवाले. सही करून त्यांनी विचारले, "बाई, आता खोकी येणं थांबणार का?" नाही, असे त्यांना सर्वांसमक्ष सांगण्यात आले.

जागा: दुसरा मजला, स्वयंपाकघर
दिनांक: ११ मार्च २०२५, मंगळवार, सकाळी साडेदहा