दुपारची मीटिंग

प्रिय संध्या,

आक्काचे आशीर्वाद. फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहायला बसले. लेकाला, शिवरामला, अंबरनाथच्या कंपनीने परत कामावर घेतलं. उल्हासनगरहून माझे जीन्सचे गठ्ठे येतात, घरी बसून धागे कापते. नात कीर्ती तर आता आम्हालाच दटावते, "आजी, सिट प्रॉपर्ली!"

शहाडच्या चाळीत तुझी आई कामावर गेली की तू माझ्याकडे असायचीस. तुझी वेणी घालता घालता तुझ्याच पुस्तकातून मी अक्षरं ओळखायला शिकले. म्हणून तुझ्या शाळेत सरकारी कायद्याच्या मोफत जागेवर कीर्तीचा नंबर लागला, तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटले, तिथली सुपरवायझर आमच्या घरातलीच आहे म्हणून.

त्या शनिवारी पालकांची मीटिंग म्हणून ठेवणीतली साडी नेसून सकाळीच आले. मोफतवाल्यांना दुपारी बोलावतात, हे मला कुठे ठाऊक! ऐटीत पुढच्या खुर्चीवर बसले. शेजारची बाई म्हणाली, "बाळाची मम्मी नाही आली का?" मला आया समजली ती; मला हसू आलं. तू विज्ञान प्रदर्शनाचं सांगत होतीस. मग तुझी नजर माझ्यावर पडली. जवळ येऊन हळूच म्हणालीस, "मावशी, तुमची मीटिंग दुपारी आहे." संध्या, जन्मभर आक्का म्हणालीस गं मला.

दुपारपर्यंत गेटबाहेर बसून राहिले. आत घेतलंत ते उवा, नखं आणि वेळेवर येणं एवढंच सांगायला. प्रदर्शनाचा शब्द नाही. घरी कीर्तीला विचारलं, तर म्हणाली, "ते फीवाल्यांच्या वर्गाचं असतं, आजी." तिला त्यात काही वावगंही वाटत नाही, याचीच मला भीती वाटते. रात्री तू फोनवर म्हणालीस, "आक्का, फी भरणारे कुरकुर करतात, माझ्या हातात काय आहे?" घरात आक्का, शाळेत मावशी. हे तरी तुझ्याच हातात होतं ना?

शिवराम म्हणतो, पोरीला काढू तिथून. मी नाही म्हटलं. जागा तिच्या हक्काची आहे, तुझ्या ओळखीची नव्हे. दुपारच्या सगळ्या बायकांशी बोलले. पुढच्या मीटिंगला आम्ही सकाळी येणार, सगळ्याजणी. तुला तोंडघशी पाडायचं नाही, म्हणून आधीच कळवतेय. खुर्च्या जास्त मांडून ठेव.

अजून तरी तुझीच,
अंजनीआक्का