शुक्रवारची पाळी

२३ जून
आले एकदाची! ताश्कंदपासून सहा तास गाडीत भाजून निघाले, पण शवकतच्या अंगणात पाऊल टाकलं आणि जीव गार झाला. शवकत माझा मावसभाऊ. बायको-मुलीला घेऊन उन्हाळाभर परदेशी कामाला गेलाय. सप्टेंबरात त्याच्या नोजिमाचं लग्न याच अंगणात व्हायचंय. चाळीस गुलाब, भिंतीलगत गुलबक्षी, उंबऱ्याशी तुळशीच्या वासाचा रैहान. लग्नापर्यंत ही बाग फुललेली ठेवीन, असा शब्द मी पोरीला दिलाय. तीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलंय मी. या गल्लीतल्या बायकांवर सोपवलं असतं तर नवरीच्या वाट्याला काटे आले असते.

शेजारची इनोबत तंदूरमधली गरम नान घेऊन आली. फार बोलते. गुलाबावरच्या किडीला साबणाचं पाणी मारावं, हे मला शिकवत होती. मला! नान मात्र बरी होती.

२६ जून
काल चिल्ला बसला. आता उन्हाचे चाळीस दिवस. यंदा नदीच आटलीय, नळाला सकाळी जेमतेम दोन बादल्या येतात. बागेला गल्लीतल्या पाटाचं पाणी, तेही पाळीनं. पाळ्या लावणारा मिराब तुर्दी-अता येऊन गेला. सत्तरीचा म्हातारा, खांद्यावर फावडं आणि ऐट अशी की पाणी यानंच निर्माण केलंय. आम्हाला मंगळवारी एक तास. चाळीस गुलाबांना एक तास!

त्यानं वाचलेल्या पाळ्यांत शुक्रवारी दुपारी एक ते दोन कुणाचंच घर नव्हतं, तो तास मला द्या म्हटलं. म्हातारा म्हणाला, ती सोरा-खोलाची पाळी आहे. ही मावशी कुठे राहते, विचारलं. गल्लीच्या टोकाला पडकी भिंत आहे ना, तिथे. पण तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

मी तोंडावर हसले. त्यानं टोपी सारखी केली आणि निघून गेला.

२८ जून
आज मुद्दाम उभी राहून पाहिलं. बरोबर एकला गल्लीतल्या सातही घरांनी पाटाच्या तोंडावरची आपापली पत्र्याची झाकणं खाली पाडली. पाणी झुळझुळत आमच्या फाटकावरून गेलं, टोकाच्या पडक्या भिंतीआड शिरलं आणि तिथल्या भेगाळलेल्या मातीत नाहीसं झालं. दुसऱ्या बाजूला थेंब निघाला नाही. इकडे माझ्या गुलाबांच्या कळ्या जळतायत आणि ही शहाणी माणसं मेलेल्या बाईला पाणी पाजतायत.

इनोबतनं मग सगळं सांगितलं. सोरा-खोला अंथरुणाला खिळली होती. हिला आता कसली बाग, असं म्हणून गल्लीनं तिची पाळी आपसांत वाटून घेतली. त्या चिल्ल्यात ती सरपटत पाटापर्यंत आली होती. हातात प्याला, तोंडात माती. तशीच सापडली. हे सांगताना इनोबत रडली. मी मनात म्हटलं, अकरा वर्षं पाणी नासून पाप धुताय होय? अडाणी कुठले.

४ जुलै
सहा झाडांनी माना टाकल्या. नोजिमाचा फोन आला होता, फुलं कशी आहेत विचारत होती. मस्त आहेत म्हणून खोटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच झाडांवरून खोटं बोलले, याची लाज वाटली.

मी शुक्रवारचं पाणी घेणार, हे इनोबतला सांगून टाकलं. ती झग्याला हात पुसत उभी राहिली. म्हणाली, "अपा, माझं अर्धं पाणी घ्या. तुर्दी-अताही देतो म्हणतोय. टोमॅटो जळाले तर जळाले. पण त्या तासाला हात लावू नका, तुमच्या पाया पडते." माझ्यावर उपकार करायला निघाली! मी म्हटलं, "तुझे टोमॅटो तुला लखलाभ."

५ जुलै
एक वाजता झाकण उचललं. काही झालं नाही. पाणी आलं, आळी भरली, झाडं प्यायली. गल्लीतली सगळी दारं बंद. खुशाल बसा आत.

९ जुलै
गुलाब! माझ्या तळव्यापेक्षा मोठे, काळपट लाल. माना टाकलेली सहाही झाडं ताठ उभी राहिली. भिंतीवरून वास पलीकडे जातो, पण फुलं पाहायला कुणी आलं नाही. हेवा, दुसरं काय.

फाटकाशी कुणीतरी रिकामा प्याला ठेवलाय. जुना, कड फुटलेली, आत वाळलेली माती. हे घाबरवायचे प्रकार मी चौथीच्या वर्गातही पाहिलेत. उकिरड्यावर फेकून दिला.

१२ जुलै
आज पुन्हा पाणी घेतलं. झाकणावर ओल्या मातीची पाच बोटं उमटली होती. इनोबतच असणार.

प्याला फाटकाशी परत आलाय.

१५ जुलै
गरमीनं तहान फार लागते. किटलीभर हिरवा चहा केला, ओतायला गेले तर किटली कोरडी. झाकलेली बादलीही अर्धी. कुठे गळती नाही, तीनदा पाहिलं. बाष्पीभवन म्हणावं तर एवढं?

१९ जुलै
आजचं पाणी मुद्दाम घेतलं, सगळ्यांना दिसेल असं, फाटक उघडं टाकून. पाणी आलं, पण त्याच्याबरोबर आवाजही आला — कुणीतरी घशाखाली पाणी उतरवतंय, मोठमोठे घोट घेत. पाटाशी कुणी नव्हतं. ऊन टळटळीत, माझीच सावली पायाखाली.

फुलं इतकी आलीत की फांद्या वाकल्या. जवळ उभं राहवत नाही.

२२ जुलै
पाणी पिते, पण ते तोंडातच संपतं. घशापर्यंत पोचत नाही. कलिंगड कापलं, तर आत भुसा. ओठ फुटलेत. डॉक्टर म्हणाला, उन्हाचं आहे, पाणी प्या. मूर्ख मनुष्य.

इनोबत ऐरानचा, गार ताकाचा हंडा घेऊन आली. काही बोलली नाही, एवढ्यावरूनच मी घाबरले. माझ्या हातात देताच हंडा हलका झाला. तिनंही पाहिलं. "अपा, तिचं तिला देऊन टाका," एवढंच म्हणाली.

हो म्हटलं. मी हो म्हटलं.

२६ जुलै
एक वाजता झाकण पाडलं, वर दगड ठेवले. जा, म्हटलं, तुझं तू घे बाई. चुकलं माझं.

पाणी फाटकाशी आलं आणि थांबलं. मग दगडांवरून चढून माझ्या बागेत — मी हातांनी माती लोटत होते, तुर्दी-अता फावडं मारत होता, इनोबतही. अख्खी गल्ली माझ्या फाटकाशी ओणवी होऊन बांध घालत होती. ज्यांना मी अडाणी म्हणत आले, तीच माणसं. पाणी ऐकेना. टोकाच्या पडक्या भिंतीआड एक थेंबही गेला नाही.

तुर्दी-अतानं फावडं टाकलं. म्हणाला, आता ती परत घेत नाही. आम्हीही अकरा वर्षांपूर्वी तिचं पाणी असंच घेतलं, आणि मग —



३० जुलै
गुलाब खुडले सगळे. सकाळी पुन्हा — तेवढेच.
जीभ लाकडासारखी. लिहायला बरं वाटतं. बोलता येत नाही.
प्याला उशाशी आहे. मी आणला नव्हता.

१ ऑगस्ट
शवकतला फोन लावला. आवाजच फुटेना. तो हॅलो हॅलो म्हणत राहिला. मग नोजिमा म्हणाली, अपाच्या बागेतून पाण्याचा आवाज येतोय बघा, किती छान —

२ ऑगस्ट
शुक्रवार. ऊन. सरपटत पाटापर्यंत आले. हातात प्याला, तोंडात माती.

सगळी जमलीत. इनोबत रडतेय. मी तिच्या पायाशी आहे, झगा ओढतेय, तिला — तिला कळत नाही. तुर्दी-अता टोपी काढून सांगतोय, आजपासून शुक्रवारी दोन पाळ्या. पहिली सोरा-खोलाची. मग मुश्तरी-अपाची. कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्यासाठी. एवढं सगळं ऐकून घेऊनही, माझ्यासाठी —

झाकणं पडली. सातही.

पाणी आलं.

ती माझ्यापुढे बसलीय. पाठमोरी. प्याला भरते, पिते, भरते —

दोन वाजून गेले. उठत नाही. तहान संपतच नाही तिची. खोला, म्हटलं, खोला, आता माझी —

भरते, पिते —