पांढरा चौकोन आणि गिरजाबाईचा जिताडा

मी, मैना सखा म्हात्रे, वय चोवीस, धंदा नर्सची नोकरी, राहणार रामवाडी, पेण, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहून ठेवते की माझे २० डिसेंबर १९९८ चे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी लिहिले होते की पोलिओच्या रविवारी, ६ डिसेंबरला, खाडीपलीकडच्या वाडीत चाळीस मुलांना माझ्या हातून वाया गेलेले डोस गेले आणि त्याला तिथल्या गिरजाबाई ठाकूर यांचा मासा कारण. हे चूक होते. चूक माझी होती.

१९ तारखेला मुंबईत माझ्या गळ्याच्या गाठीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, गाठ साधी आहे. माझा त्यांच्यावर विश्वास आहे, तरी लिहून ठेवलेले बरे.

१. पोस्टातली बचत आईला, जनीबाईंना. त्यातून माझे वर्षश्राद्ध जेवणावळीसकट करू नये.

२. सायकल बहीण ऋतुजाला. मागचा ब्रेक लागत नाही. तिला माहीत आहे, तरी लिहिते.

३. निळी वही डॉ. मृणाली सावंत यांना. तिच्यात त्या दिवशीच्या मुलांची नावे डोसाच्या क्रमाने आहेत, आणि संध्याकाळी बाटल्या परत करण्याआधी मी काढलेली तीन चित्रेही.

चित्रे कसली, ते सांगते: तीन बाटल्यांवरच्या खुणांची. यंदा लसीच्या बाटलीवर एक नवीन खूण आली. गडद वर्तुळात लहान चौकोन. लस उन्हाने, उष्णतेने खराब होत गेली की चौकोन काळवंडत जातो. पेणच्या प्रशिक्षणात हे दोन मिनिटांत उरकले. मला नीट कळले नाही. हात वर केला तर सुपरवायझर सुशील कदम म्हणाले, "म्हात्रेबाई, चित्र तरी वाचता येतं ना?" सगळे हसले. मी हात खाली घेतला आणि वहीत लिहिले, 'चौकोन पांढरा, फेका.' कापडाचा रंग उडाला की कापड गेले, तसेच असेल असे वाटले. माझे बाबा जन्मभर मिठागरावर राबले. पांढरे मीठ ठेवायचे आणि काळपट बाजूला काढायचे, हे मी चालायला लागल्यापासून पाहते. आमच्या घरात शाळेची पायरी पहिली मी चढले, म्हणून बाबांना काही विचारावे हे सुचले नाही.

४. श्री. कदम यांना माझ्याकडून काही नाही. शोकसभा झालीच तर त्यांनी बोलू नये.

५. आता मासा. त्या दिवशी लसीची पेटी मी गिरजाबाईंच्या स्वयंपाकघरात ठेवून मुले गोळा करायला गेले. पेटी नजरेआड करायची नाही, हा नियम मला पाठ होता. परत येऊन डोस दिले. निघताना गिरजाबाई म्हणाल्या, "मैना गो, तुजे पेटीन बरफ हाय ना, तवा जिताडा घातलाय. शिकली पोर पयल्यांदा दारा आली, रिकामी कशी धाडू?" जिताडा मावेना म्हणून त्यांनी एक बाटली काढून चुलीच्या कडेला ठेवली होती आणि मी येताना पाहून परत आत टाकली. संध्याकाळी मला दोन चौकोन पांढरे दिसले, एक काळा. एका बाटलीत वीस डोस, म्हणजे माझ्या वहीप्रमाणे चाळीस वाया. मी वर कळवले नाही. दोन दिवसांनी वाडीत जाऊन गिरजाबाईंना मात्र सुनावले, "तुझ्या माशाने चाळीस पोरांचे डोस गेले." त्या एवढेच म्हणाल्या, "माजे हातान झालं व्हय?" तेव्हापासून त्या कोणाच्या लेकराला हात लावत नाहीत, असे कळते. जिताडा मी खाल्ला होता. चवीने.

गेल्या शनिवारी, ९ तारखेला, रोह्याच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या डॉ. मृणालींना मी हात वर करून विचारले. एकदा नाही, तीनदा. त्या न हसता म्हणाल्या, "पांढरा म्हणजे चांगली. वर्तुळाइतका काळा झाला की फेकायची." मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुतले. चाळीस मुलांना चांगली लस मिळाली आहे. बसने परतताना मी खांब गावापर्यंत रडत होते आणि शेजारची बाई मला आवळासुपारी देत होती.

राहिली ती चुलीकडे काळवंडलेल्या तिसऱ्या बाटलीची अकरा मुले. वहीतला क्रमांक एकेचाळीस ते एक्कावन्न. पन्नासावा विशाल, गिरजाबाईंचा नातू. आजी येऊ देत नाही म्हणून तो १७ तारखेच्या दुसऱ्या फेरीला येणार नाही, असे शेजारणी सांगतात. मी राहिले नाही तर डॉ. मृणालींनी ही अकरा घरे स्वतः गाठावीत.

६. माझी हिरवी इरकल साडी गिरजाबाईंना. त्या नको म्हणतील. तरी द्यावी.

ज्यांना काही दिले त्यांना साक्षीला घेतलेले नाही.

सही: मैना सखा म्हात्रे
साक्षीदार: दत्तात्रेय गोविंद पाटील, रामवाडी. सुरभी जगन घरत, रामवाडी.
ठिकाण: पेण. दिनांक: १२ जानेवारी १९९९.

ता. क. सही करताना सुरभी म्हणाली, "मरायच्या आधी जाऊन सांग की गो, कागद कशाला पाठवतेस?" बरोबर आहे. चूक माझी होती, हे गिरजाबाईंना त्यांच्याच दारात, चार लोकांदेखत मी सांगेन आणि त्या फेरीचा पहिला डोस विशालला देईन. अमावास्या आहे, पण उधाणाच्या भरतीला होडी थेट वाडीला लागते. पेटी माझ्या मांडीवर असेल. जायचा दिवस: रविवार, १७ जानेवारी १९९९.