बटणाखालची चिंधी

तारीख ३, सोमवार

आले बाई एकदाची! चार जिने चढून आले. मधे दोनदा पायरीवर बसले, तिसऱ्यांदा बसणार तोच वरून नातीनं हाक मारली की आजी, आता आठच राहिल्या गं. मग खाली आली आणि हाताला धरून वर घेऊन गेली. हिला मी कडेवर घेऊन गावभर मिरवायचे, आता हीच मला मिरवते. मला इतका आनंद झाला की पिशवी दारातच विसरले.

ही वहीसुद्धा तिनंच दिली. म्हणाली, दिवसभर बोलतेस ते यात लिहून काढ म्हणजे माझे कान वाचतील. चेष्टा करते मेली. मी तिसरी पास, तीही कशीबशी. पेनाला इतका जोर देते की पुढच्या चार पानांवर अक्षर उमटतं. पण लिहिणार. बोलायला कुणी नसलं की वही बरी.

घर दोन खोल्यांचं, पुढे कठड्याची गॅलरी. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर भला मोठा टीव्ही, तारांचा हा गुंता. आत शेगडी, ओटा आणि खिडकीत वाळत घातलेले मोजे, त्यातला एकही जोडीचा नाही. पोरगी एकटी राहते ना. हिची आई, म्हणजे माझी लेक, नोकरीपायी लांब. म्हणून हिनं मला बोलावून घेतलं, कायमचं.

हिची नोकरी काय विचाराल तर खेळायची! टीव्हीवरचे खेळ दिवसभर खेळायचे आणि कुठं काय बिघडलंय ते कंपनीला लिहून कळवायचं. मी म्हटलं, आमच्या वेळी खेळलं की पाठीत धपाटा मिळायचा, तुझी मज्जा आहे. ती म्हणाली, आजी, आम्हालाही मिळतो, फक्त ईमेलनं. काय हजरजबाबी! माझ्यावर गेलीय.

तारीख ५, बुधवार

आज मी खेळ खेळले! या वयात!

दोन हातांत धरायचं ते काळं डबडं, त्याला कंट्रोलर म्हणतात. आकार पंख मिटलेल्या वटवाघळासारखा. डावीकडे बुटकी दांडी, ती ढकलली की टीव्हीतली मुलगी चालते. उजवीकडे बटणं. वरचं दाबलं की उडी, खालचं दाबलं की बसते, बाजूचं दाबलं की समोर असेल ते उचलते. बागेतून फिरून फळं टोपलीत भरायची, एवढाच खेळ. मुलगी गोड आहे. मी तिला सारखी बसवत होते, दमली असेल म्हणून. नात हसून हसून कोलमडली.

पण बटणं काय घट्ट! मी एकतीस वर्षं शिंप्याच्या दुकानात काज-बटणं केली, दिवसाला शंभर सदरे, तेव्हापासून उजवा अंगठा सुजतो. तासाभरात अंगठा वांग्यासारखा झाला. नातीनं तेल चोळून दिलं आणि म्हणाली, हा कंट्रोलर जुनाच आहे, खालच्या दुरुस्तीवाल्याकडून मऊ करून घेऊ. किती जीव लावते.

तारीख ७, शुक्रवार

दुरुस्तीवाला भला माणूस. चष्मा कपाळावर ठेवतो आणि दुकानभर शोधतो. मी सांगितल्यावर त्याला सापडला, म्हणून त्यानं आधी माझं काम केलं. बटणांच्या खाली रबराच्या छोट्या टोप्या असतात, त्या त्यानं बदलल्या. बजावून सांगितलं की मावशी, हे रबर फार हलकं आहे, जपून दाबा.

दाबायचं कसलं! बोट नुसतं जवळ नेलं तरी मुलगी उडी मारते. फळ उचलायला जावं तर बसते, बसवायला जावं तर झाडावर आदळते. मी शिंकले तर ती ओढ्यात पडली. नात म्हणाली, तुझ्यासारखंच झालंय, विचारायच्या आधीच बोलून मोकळं. मी म्हटलं, थांब, मलाच काहीतरी करायला हवं. परत चार जिने कोण उतरणार?

तारीख ८, शनिवार

केलं! नात आंघोळीला गेली तेवढ्यात केलं.

आमचे मालक-शिंपी एक गोष्ट सांगायचे. बटण ढिलं बसत असेल तर खाली चिंधी लाव, आणि चिंधी लावायची तर ज्याच्या अंगावर ते बटण बसायचं त्याच्याच कपड्याची लाव. परक्या कापडाला बटण धरत नाही. दुकानात आम्ही सगळे तसंच करायचो. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात, त्यातूनच कापायचं म्हणजे बाहेरून कळत नाही.

आता या डबड्याला कुठला आलाय कपडा! पण ते नातीचं, म्हणून तिच्या रोजच्या निळ्या फुलाफुलांच्या कुर्त्याच्या मायेतून चार नखाएवढ्या चिंध्या कापल्या. तिच्याच पेचकसानं डबडं उघडलं. तीन चिंध्या तीन रबरांखाली, एक दांडीखाली. परत आवळून टाकलं. हात अजून विसरलेला नाही!

बटणं आता लोण्यासारखी. ना घट्ट, ना उतावीळ. नातीला सांगितलं नाही, कुर्ता कापला म्हणून ओरडेल.

तारीख ९, रविवार

दुपारभर खेळले. छान चाललं होतं. मी उडीचं बटण दाबलं आणि आत भांडी पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर नात ओट्यापाशी उभी, आजूबाजूला ताटल्या. म्हणाली, काय झालं कळलंच नाही, पायात एकदम गोळा आल्यासारखं झालं आणि मी उडालेच. मी म्हटलं, केळी खात जा.

नंतर दोनदा ती चालता चालता मधेच खाली बसली. मी हसले. तीही हसली, पण उशिरा.

तारीख ११, मंगळवार

आज लिहायलाच हवं. लिहिलं की मन जागेवर येतं.

सकाळी नात शेगडीपाशी होती. मी इथे टेबलाशी. दारातून ती मला दिसत होती. टीव्हीतल्या मुलीपुढे पेरू होता, मी उचलायचं बटण दाबलं. नातीचा हात पुढे झाला. समोर पेरू नव्हता, उकळत्या पाण्याचं पातेलं होतं. ते तिनं दोन्ही हातांनी धरलं. धरलं आणि सोडेना! माझ्याकडे बघत होती, तोंड उघडं, आवाज नाही. मी डबडं टाकून धावले तेव्हा कुठं तिचे हात सुटले.

दोन्ही तळव्यांना फोड आलेत. मलम लावलं, पट्ट्या बांधल्या. ती म्हणते, आजी, मी सोडत होते गं, हात सोडत नव्हते.

मग मी तिला सगळं सांगितलं. चिंध्यांचंही. तिला आधी हसू आलं. मी म्हटलं, बघ, आणि बसायच्या बटणाला नुसतं बोट लावलं.

ती बसली. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं.

तारीख १२, बुधवार

तिनं सेल काढून टाकले. डबड्याचा दिवा जळतच आहे.

दुरुस्तीवाल्याकडे मी एकटीच नेलं, ती वरच थांबली. त्यानं उघडलं. चिंध्या नाहीत. म्हणाला, मावशी, रबराखाली काहीच नाही. पण रबरावर निळी फुलं उठलीत, ती मला दिसली, त्यालाही दिसली. त्यानं टोकदार सुई घेऊन एका फुलावर जरासं खरवडलं. मी त्याचा हात धरला. म्हटलं थांब, तसंच बंद कर. जिने कशी चढले माहीत नाही, एकदाही बसले नाही.

नातीच्या मानेवर बोटभर ओरखडा. रक्त येत होतं. ती आरशासमोर उभी राहून विचारत होती, हा कधी झाला?

म्हणजे फोडायचं नाही. जाळायचं नाही. रबरं उपटायची नाहीत.

तारीख १३, गुरुवार

मी विचार केला, मीच निघून जावं. डबडं कापसात गुंडाळलं, डब्यात घातलं, डबा पिशवीत घेऊन जिना उतरले. कोपऱ्यावर पोचले आणि मागं वळून बघितलं. नात मागून येत होती. अनवाणी. मी थांबले की थांबायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय चालत होते. तिला घेऊन परत आले.

बटणं परत हलकी झालीत. नव्हे, होती त्याहून हलकी. आता बोट नको, वारा नको. मी डब्यापासून दहा पावलं लांब बसले होते आणि मनात आलं की पोरीनं थोडं फिरावं, पाय मोकळे करावेत, तर ती उठून फिरायला लागली. भिंतीवर आदळली तरी फिरत होती. खेळातली मुलगी झाडावर आदळते तशी.

ती म्हणाली, आजी, माझा विचार करू नकोस.

एवढंच म्हणाली. पोरी, मी दुसरं काय करते गं?

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याचा उस्ताद आहे, फार बारीक काम करतो. उद्या पाचला घेऊन येतो म्हणाला. उद्या पाचपर्यंत सांभाळायचं. एवढंच.

तारीख १४, शुक्रवार, सकाळ

रात्र सरली. ती खुर्चीत बसून झोपली, मी सदऱ्यांची बटणं मोजत बसले. मनातल्या मनात, एकतीस वर्षांची.

सकाळी वही उघडली आणि एक कळलं. मन मोकळं सोडलं की भटकतं, भटकत भटकत तिच्याकडेच जातं. लिहिलं की ते शब्दावर थांबतं. मी लिहिते तेच बटणाला कळतं, दुसरं नाही. म्हणजे लिहीतच राहायचं.

ती बसली.

बघितलं. बसली आहे.

ती बसली. ती बसली. ती बसली.

अकरा वाजले

पान भरलं. ती बसली. अंगठा सुजलाय, पेन धरवत नाही. तिला पाणी हवं होतं पण मी "उचल" लिहायला घाबरते. समोर काय असेल कोण जाणे. मीच पाजलं, एका हातानं. दुसऱ्या हातानं लिहीत होते. ती बसली.

दुपार, दोन

लिहिता लिहिता डुलकी लागली — एवढीशीच — जाग आली तर ती खुर्चीत नव्हती. गॅलरीत. कठड्यापाशी, तोंड बाहेर करून. काय स्वप्न पडलं मला? आठवत नाही. आठवायचं नाही.

ती बसली. ती बसली. कठड्याखाली बसलीय आता. आत आणायला "चाल" लिहावं लागेल. कुठल्या दिशेनं चालेल? दांडीला दिशा असते, शब्दाला — नको. तिथंच बसू दे.

मी जाऊन तिला ओढून बघितलं. हलत नाही. मीच बसवलंय ना. आणि पेन सोडलं की ती उठायला लागते.

ती बसली.

साडेतीन

दीड तास राहिला. बोटं वाकत नाहीत. मी पण गॅलरीच्या दारात येऊन बसले, वही मांडीवर. ती माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करते. म्हणाली, आजी, तुझी वही एकदाची कामाला आली बघ. गुणाची गं माझी.

ती बसली. ती बस—

शब्दाचा अर्थ जायला लागलाय. बसली, बसली, बसली — नुसत्या रेघा दिसतात. आणि आत्ता ती थोडी उठली. लिहीत असताना! नुसत्या रेघा बटणाला कळत नाहीत. मनापासून लिहिलं तरच —

चार वाजून दहा

तिनंच सुचवलं. म्हणाली, आजी, तेच तेच नको. दुसरं काहीतरी लिही, जुनं, गमतीचं, ज्यात मी नाही असं. तुला तर रंगवून सांगता येतं. पाचच मिनिटं, मग परत बसव.

शहाणी आहे. बरं.

मालक-शिंप्यांची गोष्ट. त्यांची कात्री एकदा हरवली. सगळं दुकान शोधलं. त्यांच्याच कानाला अडकवलेली खडूची काडी सापडली, पण कात्री नाही. शेवटी एक गिऱ्हाईक आलं, कोटाचं अस्तर टोचतं म्हणून —

हसली! ती हसतेय, आणि कशी शांत बसलीय, मी न लिहिता. जमतंय हे. हात पण हलका झाला.

अजून काय बरं. आमच्या दुकानाला पोटमाळा होता, कापडाचे तागे ठेवायचा. लाकडी शिडी. माझी लेक कामाला जायची तेव्हा एक चिमुरडी माझ्याजवळ असायची, दिवसभर त्या माळ्यावर ताग्यांमध्ये लपायची. संध्याकाळी दुकान बंद व्हायची वेळ झाली की मी खाली उभी राहून दोन्ही हात पसरायचे, आणि म्हणायचे ये गं माझी बाय ती, आजी आहे ना खाली, आणि ती खुदकन हसून वरून