ओवीचा चौथा चरण

१० जानेवारी, रानशेत

आलो एकदाचा. "वर्षभर डहाणू-तलासरी सांभाळा," असं संपादकांनी फर्मावलं, तेव्हा कार्यालयातल्या मंडळींनी काळ्या पाण्यावर निघालेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय सांगायचं? पुढे अंगण, मागे चिकूची वाडी, ओटीवर झोपाळा. याच्यासाठी पूर्वी लोकांना संन्यास घ्यावा लागे, मला बदली पुरली.

घरमालक उमेश डहाणूत राहतो आणि चिकूचा व्यापार करतो. वाईच्या पाठशाळेत बालपण घोकंपट्टीत गेलं हे मी त्याला उगाच सांगितलं. किल्ली हातात पडायच्या आत माझा 'शास्त्रीबुवा' झाला होता.

वाडीचं काम हाल्या बघतो. त्याची बायको शुक्री माझा स्वयंपाक करणार. दोघांचं घर वाडीच्या पलीकडच्या टोकाला आहे. शुक्रीने आल्या आल्या माझी उलटतपासणी घेतली. बोंबील नाय, मांदेली नाय, कोंबडी नाय, मंग मास्तर तुमी जगता कशावर? म्हटलं, बातम्यांवर. तरीच एवढे वाळलाव, म्हणाली आणि चुलीकडे वळली. माझ्या लेखांचं इतकं नेमकं परीक्षण आजवर कोणी केलेलं नाही.

१३ जानेवारी

इथे फोनला रेंज फक्त वाडीच्या बांधावर येते आणि रेंज आली की पाठोपाठ संपादक येतात. गाणी ऐकायला फोन उघडावा तर त्यांचा चेहरा दिसतो. म्हणून आज डहाणू स्टेशनबाहेर मिथुनच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो आणि ज्यात गाणी आहेत पण संपादक नाहीत असं यंत्र मागितलं. तो पोट धरून हसला. काका, हे आता कोण वापरतं, म्हणाला. पण खणात खुडबुड करून त्याने एक काढलं. काडेपेटीएवढा निळा एमपीथ्री प्लेअर, एका कोपऱ्याला चेपलेला. तलासरीच्या कुणा मुकेशचा. त्याची बहीण दक्षा आणून टाकून गेली, बदल्यात काही मागितलंही नाही, म्हणे. वर मिथुनने स्वतःहून नवे इअरफोन दिले.

प्लेअर खिशाला अडकवून, कानात वायरी खोचून, पोरासोरांसारखा मिरवत घरी आलो. शुक्री बघतच राहिली. बैलाच्या नाकात दोरी घालतात, मास्तर, तुमी कानात घातली. दुसरं टोक कोणाच्या हातात हाय? मी खिसा दाखवला. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

१५ जानेवारी

प्लेअरच्या पोटात गरबे आहेत, हिंदी सिनेमातली रडगाणी आहेत, लग्नाच्या बँडची एक अख्खी वरात आहे. आणि सगळ्यांच्या शेवटी, नाव नसलेलं एक. बाईचा आवाज. वाद्य नाही, ठेका नाही, गळाही तयार नाही. पण कान सोडवत नाही.

कोण आलं दारी,
काय त्याच्या करी,
कोण निजलं घरी —

इथेच थांबते. ही ओवी आहे, म्हणजे तीन चरणांचं यमक जुळल्यावर चौथा, आखूड, यमक नसलेला चरण यायलाच हवा. तीन चरण माणसाला घरात घेतात, चौथा दार लावतो. इथे तिसऱ्यानंतर बाई श्वास घेते, तो स्पष्ट ऐकू येतो, आणि पुढे काही नाही. दार सताड उघडं.

पाठशाळेत गुरुजी एक चरण सांगत आणि उरलेला श्लोक जुळवल्याशिवाय पानावर बसू देत नसत. समस्यापूर्ती म्हणत तिला. परिणाम असा की अपुरा श्लोक मला डोळ्यात गेलेल्या कुसळासारखा सलतो. आज मीच तीन-चार चौथे चरण रचून पाहिले. सगळे पंडिती. त्या श्वासाला एकही शोभेना.

१६ जानेवारी

मिळाला! निदान एक शब्द मिळाला.

दुपारी झोपाळ्यावर बसून तेच गाणं पुन्हापुन्हा लावत होतो. कितव्यांदा कोण जाणे, श्वासानंतर अगदी हळू शब्द आला: 'ऐकतो'. काल तो नव्हता, हे शपथेवर सांगेन. बहुधा यंत्राचा दोष. आनंदाने टाळी वाजवायला हात उचलले तर दोन्ही मुठींत तांबडी पिसं. पायाशी शुक्रीची कोंबडी पडलेली, मान पिळून उलटी केलेली.

शुक्रीने मुंगसाला त्याच्या सात पिढ्यांसकट शिव्या घातल्या. प्रथमदर्शनी पुरावा मुंगसाविरुद्धच आहे, असं मीही म्हणालो. पिसं हातात आली कारण काय झालं बघायला मी कोंबडी उचलली असणार. उचललीच असणार.

२० जानेवारी

हे लिहू नये असं वाटतं. पण बातमीदार आहे, घडलं ते लिहितो.

प्लेअर लावून वाडीत फिरायला गेलो. 'कोण निजलं घरी', श्वास, 'ऐकतो' आणि त्याला जोडून पुढचा शब्द: 'त्याला'. गाणं संपलं. मी बांधापाशी उभा होतो. हातात हाल्याचा कोयता. समोर शुक्रीची गाभण शेळी, मान अर्धी तुटलेली, पोट उभं फाडलेलं. आत दोन करडं होती. माझा सदरा कोपरापर्यंत ओला आणि ऊन.

सगळ्यात आधी मला काय वाटलं ते लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून नाकारता येणार नाही. दुसरा शब्द मिळाल्याचा आनंद झाला. मग ओकलो.

कोयता धुतला. सदरा जाळला. बिबट्या येऊन गेला असं मीच सांगत सुटलो. हाल्या शेळीकडे बघत बराच वेळ बसून राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. शुक्रीने त्या शेळीला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. मारून खाल्लं नाय, मास्तर, म्हणाली. भुकेला असता तर मी माफ केलं असतं.

२२ जानेवारी

तलासरीला गेलो. प्लेअर ज्याचा त्याला परत करायचा, एवढंच ठरवलं होतं.

मुकेश घरी नाही, तुरुंगात आहे. बहीण दक्षा दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. तिने सांगितलं ते असं. मुकेश दिवसभर कानात वायरी घालून बसायचा. आधी घरातली कोंबडी गेली, मग शेजाऱ्याचा कुत्रा. मग एके दिवशी भर दुपारी त्याने बायकोला, सरिताला, कुऱ्हाडीने तोडलं. लोक धावले तेव्हा तो तिच्याशेजारी मांडी घालून डोलत होता. अजूनही भेटायला गेलं की एकच विचारतो, माझं गाणं आणलं का.

मी गाणं लावून इअरफोनचं एक बोंड तिच्या कानाशी धरलं. तिने ते विंचू झटकावा तसं झटकलं. माझी वहिनी गाते ती, म्हणाली. मी म्हटलं, तिने कधी रेकॉर्ड केलं असेल. तर म्हणे, वहिनी जिवंतपणी कधी गायलीच नाय. लग्नात नाव घ्यायला उभी केली तर लाजून खाली बसली होती.

परत घेणार नाही म्हणाली. खाडीत टाका, पण टाकायच्या आधी ऐकू नका. माझ्या भावानेपण टाकतो टाकतो म्हणत ठेवला होता.

डहाणूला उतरून खाडीच्या पुलावर गेलो. हात वर केला. मग असं मनात आलं की दोन शब्द मिळालेत, वजन पाहता एकच उरला आहे. ओवीचा चौथा चरण आखूड असतो.

प्लेअर खिशात आहे.

२४ जानेवारी

हाल्या वाचला.

स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. कोयता त्याच्या घरी होता. मी निःशस्त्र, बसलेला, सावध. एकदाच ऐकायचं, असं ठरवून —

भान आलं तेव्हा कान उघडे होते आणि हाल्या माझ्या छातीवर गुडघा देऊन बसला होता. वायर त्याच्या मुठीत. त्याच्या डाव्या खांद्याचं मांस लोंबत होतं, आत पांढरं हाड दिसत होतं.

त्यानेच सांगितलं. मी वाडीतून त्याच्या घरी चालत गेलो. तो शेळीचं विचारणारच होता, म्हणून या मास्तर म्हणाला. मी हसलो. हसत हसत दाराआडचा कोयता घेतला. पहिला घाव खांद्यावर. दुसरा मानेवर यायचा, तेवढ्यात त्याने वायर ओढली आणि तुमचे हात एकदम सुटले, म्हणाला, दोरी तुटल्यावानी.

वाडीतून धावत आलेल्या शुक्रीने लुगडं फाडून खांदा आवळला. उमेश टेम्पो घेऊन आला. हाल्याने दोघांना सांगितलं की फांदी तोडताना कोयता निसटला. टेम्पोत चढताना माझ्या कानाशी येऊन म्हणाला, तुमी आजारी हाव, मास्तर. उद्या उमेशशेट येईल, त्याच्यासंगं घरी जा. मी कोणाला सांगत नाय. पन माझी बायको हितं एकटी हाय.

एवढंच. शिवी नाही, शाप नाही.

त्याने वायर ओढली तेव्हा तिसरा शब्द सुरू झाला होता. 'वि' एवढंच ऐकू आलं. वि —

२५ जानेवारी

कोयता विहिरीत टाकला. कुऱ्हाड टाकली. विळीसुद्धा. सामान बांधलं.

शुक्री दवाखान्यातून हाल्याचे कपडे न्यायला आली. तिला म्हटलं, बाहेरून कडी घाल आणि उमेश येईपर्यंत उघडू नकोस, मी काहीही बोललो तरी. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. कोंबड्या डालतात तसं डालू व्हय तुम्हाला? मग हसणं थांबलं. कडी घातली. तिची पावलं वाडीकडे गेलेली ऐकली.

प्लेअर टेबलावर आहे. तोही विहिरीत टाकायचा होता. आठवण राहिली नाही.

राहिली होती.

दुपार

विनय. विराम. विलाप. विष. एकही बसत नाही. 'ऐकतो त्याला वि —' पाठशाळेत असतो तर पान थंड होऊन गेलं असतं.

दार बंद आहे. घरात धार असलेलं काही नाही. शुक्री गेली. इजा करण्यासारखा इथे मी एकटाच उरलोय. मग ऐकायला हरकत कोणती? तर्कदृष्ट्या कोणतीच नाही.

लावतो. लिहीत राहीन, म्हणजे हात गुंतलेले राहतील.

कोण आलं दारी — सरिताचाच आवाज. बिचारी —

बाहेर कोणी हाक मारतंय. शुक्री. गेली नाही अजून. उपाशी कसं राहाल म्हणते, भाकरी करून आणलीय — मी जा म्हणालो. म्हणालो ना? कानात गाणं आहे, माझाच आवाज मला —

ती म्हणते, बरं मास्तर, उघडते, असे रडू नका —

मी रडत नाहीये. मी तिला जा म्हणतोय. शुक्री, कडीला हात —

ऊन कललं

पूर्ण झाली. ऐकतो त्याला विचार.

आखूड, यमक नसलेला, निर्दोष. चारही चरण.

पण आवाज सरिताचा नाही. हा आवाज — शुक्री बाहेर गात असेल. भांडी घासताना गात असेल. गाते का ती? कधी ऐकली नाही. आणि बोंडं तर माझ्या कानात आहेत —

पुन्हा विचारते आहे. उत्तर दिल्याशिवाय थांबणार नाही. सांगतो, बाई, सांगतो.

कोण आलं दारी. शुक्री आली. दाराशी वाट बघत मी होतो.

काय त्याच्या करी. वरवंटा. धार नसलेलं हेही होतं घरात, लक्षातच — बोटं चिकटली आहेत त्याला. डाव्या हाताने लिहितो —

कोण निजलं घरी. उंबऱ्याच्या आत. तोंडावर भाकरीचं फडकं आहे. मीच टाकलं असणार. फडक्याखाली चेहऱ्याची उंची राहिलेली नाही —

फडकं हललं.

हललं. श्वास आहे. बांधावर रेंज येते, फोन केला तर उमेश टेम्पो घेऊन — हाल्याला वाचवलं तसं — आत्ता उठलो तर अजून —

उठतो. वायरी काढतो आणि उठतो. कानात तिने पुढची ओवी धरली आहे, तीन चरण झाले, श्वास घेतला, तेवढा एकच शब्द ऐकून लगेच